हाइड पार्कचे रूझवेल्ट ग्रंथालय आणि संग्रहालय : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेले आईवडील किंवा शिक्षण-नोकरीसाठी नुकतीच तिथे गेलेली मंडळी ‘प्रेसिडेन्शियल लायब्ररी’ हे नाव प्रथम ऐकतात, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटे, ‘शांतता राखा’ अशी पाटी आणि मान खाली घालून वाचत बसलेले सभासद उभे राहतात. त्यामुळे सुट्टीच्या यादीत हे ठिकाण सहसा नायगारा आणि वॉशिंग्टनच्या बरेच खाली जाते. वास्तविक इथे घरी नेण्यासाठी पुस्तके मिळत नाहीत. हे मुळात एका राष्ट्राध्यक्षाचे दफ्तर असते. त्याची पत्रे, टिपणे, भाषणांचे कच्चे खर्डे, छायाचित्रे आणि त्याला मिळालेल्या भेटवस्तू तिथे जतन केलेल्या असतात आणि त्या साठ्याच्या आधाराने शेजारीच एक संग्रहालय उभे केलेले असते. पुण्यातले पेशवे दफ्तर आणि एखादे वस्तुसंग्रहालय एकाच आवारात आणले, तर जे होईल त्याच्या जवळपास जाणारी ही संस्था आहे.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या अखत्यारीत हर्बर्ट हूवर यांच्यापासून जॉर्ज डब्ल्यू. बुश यांच्यापर्यंतच्या अध्यक्षांची अशी तेरा ग्रंथालये आहेत आणि ती देशभर विखुरलेली आहेत. बॉस्टनमध्ये केनेडी, ऑस्टिनमध्ये जॉन्सन, अटलांटामध्ये कार्टर, डॅलसमध्ये धाकटे बुश आणि लॉस एंजेलिसजवळच्या सिमी व्हॅलीत रेगन. मराठी कुटुंबे ज्या शहरांत मोठ्या संख्येने आहेत त्यांतल्या अनेकांच्या आसपास एखादे तरी आहे. पहिल्या भेटीसाठी मात्र न्यूयॉर्क राज्यातले हाइड पार्क निवडावे असे माझे मत आहे, कारण ही कल्पनाच तिथे जन्मली. त्याआधी अध्यक्ष पदावरून उतरताना आपली कागदपत्रे खासगी मालमत्ता म्हणून घरी घेऊन जात. मग ती वारसांमध्ये वाटली जात, विकली जात किंवा तळघरात कुजत. फ्रँकलिन डिलानो रूझवेल्ट यांनी ही रीत मोडली. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा देऊन आणि खासगी देणग्यांतून इमारत बांधून त्यांनी ती कागदपत्रांसह सरकारच्या स्वाधीन केली आणि ३० जून १९४१ रोजी, म्हणजे ते पदावर असतानाच, संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. ही पद्धत पुढच्या अध्यक्षांसाठी १९५५ च्या कायद्याने रूढ झाली आणि १९७८ च्या कायद्याने अध्यक्षांची कागदपत्रे सरकारच्या मालकीचीच ठरली.

निघण्यापूर्वी

नावांचे दोन घोळ आधीच मिटवावेत. हे हाइड पार्क म्हणजे लंडनमधले उद्यान नव्हे, तर हडसन नदीच्या पूर्व काठावर डचेस काउंटीत वसलेले गाव. आणि हे रूझवेल्ट म्हणजे १९०१ ते १९०९ या काळात अध्यक्ष असलेले थिओडोर नव्हेत, तर १९३२, १९३६, १९४० आणि १९४४ अशा चार निवडणुका जिंकलेले फ्रँकलिन. दोघे दूरचे भाऊबंद होते आणि फ्रँकलिन यांच्या पत्नी एलेनॉर या थिओडोर यांच्या सख्ख्या पुतणी, त्यामुळे लग्नाआधीही त्यांचे आडनाव रूझवेल्टच होते. थिओडोर यांचे घर लाँग आयलंडवर आहे. नकाशात केवळ ‘रूझवेल्ट यांचे घर’ असे शोधून भलत्याच दिशेला गाडी हाकणारे लोक मी पाहिले आहेत.

नवख्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, एकाच आवारात दोन वेगळी सरकारी खाती नांदतात. ग्रंथालय आणि संग्रहालय राष्ट्रीय अभिलेखागाराचे आहे, तर रूझवेल्ट यांचे ‘स्प्रिंगवुड’ हे घर नॅशनल पार्क सर्व्हिसचे आहे. तिकिटे एकाच ठिकाणी मिळतात, पण घर हे मार्गदर्शकाबरोबर ठरावीक वेळेच्या तुकडीनेच पाहायचे असते आणि संग्रहालय आपल्या गतीने. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास जवळ असेल तर तो घराच्या बाजूला चालतो. संग्रहालयाचे खाते वेगळे असल्याने तिथले शुल्क मात्र भरावेच लागते. हे ठाऊक नसल्याने खिडकीवर हुज्जत घालणारे एखादे तरी कुटुंब दर भेटीत दिसते आणि काचेपलीकडची व्यक्ती अतिशय शांतपणे तेच उत्तर पुन्हा देते.

दर, वेळा आणि घराच्या फेऱ्यांचे वेळापत्रक हंगामानुसार बदलते, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी दोन्ही खात्यांची संकेतस्थळे पाहावीत. एक पाहून थांबू नये. थँक्सगिव्हिंग, नाताळ आणि १ जानेवारी या दिवशी संग्रहालय बंद असते. याखेरीज वॉशिंग्टनमध्ये अंदाजपत्रकावरून पेच निर्माण होऊन केंद्र सरकारचे कामकाज थांबले, तर अशी ठिकाणेही बंद होऊ शकतात. आईवडिलांचे परतीचे तिकीट जवळ आले असताना असे घडले तर फार चुटपुट लागते, म्हणून ही भेट मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

ऋतूचाही विचार करावा. ऑक्टोबरात हडसनच्या खोऱ्यातली पाने लाल-केशरी होतात आणि शनिवार-रविवारी गर्दी उसळते. तेव्हा घराच्या तुकड्या लवकर भरतात. जूनमध्ये गुलाबाची बाग फुललेली असते. जानेवारी-फेब्रुवारीत माणसे तुरळक असतात आणि मार्गदर्शकाला मनसोक्त प्रश्न विचारता येतात, पण इमारतींमधले अंतर बर्फातून चालावे लागते आणि गुडघ्यांची तक्रार असलेल्या ज्येष्ठांसाठी ते योग्य नाही. मला स्वतःला मे महिन्यातला मधल्या वारी येणारा एखादा दिवस सर्वांत आवडतो.

पोहोचावे कसे

न्यूयॉर्क शहरातून रेल्वेने जायचे असेल, तर ग्रँड सेंट्रल स्थानकावरून मेट्रो-नॉर्थची हडसन लाइन धरावी आणि तिच्या शेवटच्या स्थानकावर उतरावे. त्या स्थानकाचे इंग्रजी स्पेलिंग वाचून कुणीही ‘पौघकीप्सी’ असे काहीतरी म्हणेल, परंतु उच्चार ‘पकिप्सी’ असा आहे आणि तो माहीत नसेल तर फलाटावर रस्ता विचारताना पंचाईत होते. प्रवास सुमारे दोन तासांचा आहे. जाताना डाव्या हाताची खिडकी पकडावी, कारण रूळ बराच काळ नदीला अगदी खेटून जातात आणि पलीकडचे डोंगर सतत सोबत करतात. पकिप्सीहून हाइड पार्क काही मैल उत्तरेला आहे. उन्हाळी हंगामात काही वर्षे स्थानकापासून आवारापर्यंत पार्क सर्व्हिसची बस चालवली गेली आहे, तेव्हा ती सध्या चालू आहे का, हे आधी पाहावे. नसल्यास काउंटीची बस किंवा मोबाइलवरून बोलावलेली टॅक्सी हाच मार्ग. परतीच्या वेळी टॅक्सी मिळायला शहरासारखी दोन मिनिटे पुरत नाहीत, एवढे लक्षात ठेवून गाडीची वेळ ठरवावी.

न्यू जर्सीतून मोटारीने जाणाऱ्यांना वाहतूक सुरळीत असेल तर दोन तासांच्या आसपास लागतात. नदी ओलांडण्यासाठी पकिप्सीजवळ जो झुलता पूल लागतो, त्यालाही रूझवेल्ट यांचेच नाव आहे. १९३० मध्ये तो खुला झाला, तेव्हा ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर होते. पूल ओलांडल्यावर रूट ९ ने उत्तरेकडे वळावे. आवार याच रस्त्यावर, नदीच्या बाजूला आहे. वाहनतळ प्रशस्त आहे. मोठ्या पाठपिशव्या, जेवणाचे डबे आणि जास्तीचे कपडे गाडीतच ठेवावेत.

आत गेल्यावर कोणता क्रम ठेवावा

वाहनतळावरून सरळ हेन्री वॉलेस अभ्यागत केंद्रात जावे. वॉलेस हे रूझवेल्ट यांच्या तिसऱ्या कारकिर्दीतले उपाध्यक्ष होते. तिकिटे इथेच घ्यायची. खिडकीवर पोहोचल्यावर पहिला प्रश्न ‘घराची पुढची फेरी किती वाजता आहे?’ हाच असावा आणि बाकीचा दिवस त्या वेळेभोवती बांधावा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे उलटे केले. संग्रहालय आपल्या गतीने पाहायचे, म्हणून आधी तिकडे गेलो, रमलो आणि बाहेर आलो तेव्हा त्या दिवसाची शेवटची तुकडी भरून गेली होती. सोबत पुण्याहून आलेले काका होते. त्यांनी घराच्या खिडक्यांतून डोकावून जेवढे दिसेल तेवढे पाहिले आणि परतीच्या वाटेवर दोन तास मला त्याची आठवण करून दिली.

केंद्रात एक छोटा माहितीपट दाखवतात, तो चुकवू नये. १९३० च्या दशकातली महामंदी, बँकांची दिवाळखोरी आणि दुसरे महायुद्ध यांचा अमेरिकी क्रम आपल्याकडच्या शालेय इतिहासात जेमतेम येतो. तो डोक्यात नीट बसला की पुढच्या दालनांत प्रत्येक फलक वाचत अडखळावे लागत नाही. त्यानंतर घर, मग संग्रहालय आणि सर्वांत शेवटी बाग, असा क्रम मी सुचवतो. घर आधी पाहण्याचे कारण साधे आहे. ज्या माणसाची कागदपत्रे पाहायची, तो कसा राहत होता हे आधी पाहिले तर कागद बोलू लागतात.

स्प्रिंगवुड

३० जानेवारी १८८२ रोजी रूझवेल्ट यांचा जन्म याच घरात झाला. घर श्रीमंताचे आहे, पण भपकेबाज नाही. नौकांची जुनी चित्रे, पुस्तके, भुसा भरलेले पक्षी आणि कुटुंबाच्या पिढ्यांचे सामान अशी दाटी आहे. मार्गदर्शक बहुधा आई सारा यांच्याविषयी बरेच बोलतात, कारण त्यांच्या हयातीत हे घर त्यांच्याच शिस्तीने चालत असे. सासूच्या घरात स्वतःची जागा शोधणाऱ्या एलेनॉर यांची लहानशी खोली पाहिल्यावर आपल्याकडच्या बायकांना वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

इथे दोन वस्तूंकडे मुद्दाम लक्ष द्यावे. १९२१ मध्ये, एकोणचाळिसाव्या वर्षी, रूझवेल्ट यांना पोलिओ झाला आणि त्यानंतर आधाराशिवाय ते चालू शकले नाहीत. घरात त्यांची चाकाची खुर्ची आहे. ती स्वयंपाकघरातल्या साध्या, हात नसलेल्या खुर्चीला चाके जोडून केलेली आहे, म्हणजे अरुंद दारांतून जाता यावे आणि पाहणाऱ्याला ती रुग्णाची खुर्ची वाटू नये. दुसरी वस्तू म्हणजे पूर्वी ट्रंका वर नेण्यासाठी वापरला जाणारा छोटा पाळणा, म्हणजे हाताने चालणारी लिफ्ट. रूझवेल्ट त्यात बसून दोर ओढत स्वतःला वरच्या मजल्यावर नेत. त्याला वीज जोडू दिली नाही, कारण आगीची त्यांना धास्ती होती आणि वीज गेली तर अडकून पडण्याची त्यांची तयारी नव्हती. चार वेळा निवडून आलेला माणूस स्वतःच्याच घरात दोराने स्वतःला वर ओढतो आहे, हे चित्र पुढे संग्रहालयातली रुबाबदार छायाचित्रे पाहताना मनात ठेवावे.

ज्येष्ठांना बरोबर नेणाऱ्यांसाठी सूचना : वरचा मजला पाहण्यासाठी जिना चढावा लागतो. चढणे शक्य नसेल तर फेरी सुरू होण्यापूर्वीच मार्गदर्शकाला सांगावे. अमेरिकेत ‘फर्स्ट फ्लोअर’ म्हणजे आपला तळमजला, त्यामुळे ‘फर्स्ट फ्लोअर पाहता येईल’ असे कुणी म्हटले तर जिना चढू नये.

संग्रहालय

दगडी बांधणीची, उतरत्या छपराची आणि ऐसपैस ओसरीची ही इमारत या खोऱ्यातल्या जुन्या डच वसाहतकालीन घरांच्या धर्तीवर आहे. तिचा पहिला आराखडा रूझवेल्ट यांनी १९३७ मध्ये स्वतः रेखाटला होता. २०१३ मध्ये मोठ्या नूतनीकरणानंतर कायमचे प्रदर्शन नव्याने मांडले गेले. शांतपणे पाहायला दोन तास लागतात. वाचणारा माणूस असेल तर तीन.

मांडणी काळाच्या क्रमाने आहे. मंदीच्या दालनात त्या काळच्या घरातल्यासारख्या कोपऱ्यात बसून रूझवेल्ट यांची रेडिओवरची भाषणे ऐकता येतात. मार्च १९३३ मध्ये पदावर आल्यावर आठ दिवसांतच, १२ तारखेला, त्यांनी लोकांना बँका का बंद ठेवल्या आणि पुन्हा कशा उघडतील हे अगदी साध्या भाषेत समजावून सांगितले होते. ते भाषण इथे जरूर ऐकावे. इंग्रजी जेमतेम समजणाऱ्यालाही ते समजते आणि तेच त्याचे वैशिष्ट्य आहे.

पुढे पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतरच्या भाषणाचा टंकलिखित खर्डा येतो. पहिल्या वाक्यात ‘जगाच्या इतिहासात राहील असा दिवस’ या अर्थाचे शब्द टाइप केलेले आहेत आणि ‘जगाच्या इतिहासात’ यावर काट मारून ‘कलंक’ या अर्थाचा एकच शब्द हाताने लिहिलेला आहे. पूर्ण भाषण वाचण्याची गरज नाही. त्या एका खोडाखोडीसमोर दोन मिनिटे उभे राहावे. प्रदर्शनात मांडलेला कागद काही वेळा मूळ नसून प्रत असते, कारण उजेडाने शाई उडते. फलकावर तसा उल्लेख असतो.

मुलांना हमखास आवडणाऱ्या दोन वस्तू आहेत. कागदाच्या लगद्याचा एक स्फिंक्स (गूढ मौनासाठी प्रसिद्ध असलेली, सिंहाचे धड आणि माणसाचे डोके असलेली प्राचीन आकृती) आहे, चेहरा रूझवेल्ट यांचा आणि तोंडात त्यांची सिगारेटची नळी. तिसऱ्यांदा निवडणूक लढवणार की नाही, यावर ते काहीच बोलेनात, म्हणून १९३९ मध्ये वॉशिंग्टनच्या पत्रकारांनी आपल्या मेजवानीसाठी हा बनवला आणि ज्याची थट्टा केली त्यानेच तो आपल्या संग्रहालयासाठी मागून घेतला. दुसरी वस्तू म्हणजे १९३६ ची निळी फोर्ड मोटार. तिचे क्लच आणि ब्रेक हातांनी चालवता येतील असे बदलून घेतले होते आणि रूझवेल्ट ती स्वतः चालवत आवारभर फिरत.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ही संग्रहालये ज्याची असतात, त्याच्या बाजूने झुकलेली असतात. काही ठिकाणी तर भिंतीवरचा मजकूर सत्कारसमारंभातल्या मानपत्रासारखा वाटतो. हाइड पार्कमध्ये काळाचे अंतर पडल्यामुळे हा झुकाव बराच कमी झाला आहे, पण नाहीसा झालेला नाही. इथल्या स्पर्शपटलांवर वादग्रस्त प्रश्नांची मूळ कागदपत्रे आणि इतिहासकारांची परस्परविरोधी मते ठेवलेली आहेत. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत डांबण्याचा मार्ग मोकळा करणारा १९ फेब्रुवारी १९४२ चा आदेश, युरोपातल्या ज्यूंना वाचवण्यात अमेरिका किती कमी पडली हा प्रश्न, कृष्णवर्णीयांच्या हक्कांबाबतचे मौन. बहुतेक पर्यटक हे पडदे पाहत नाहीत, कारण ते उभे राहून वाचावे लागतात. वेळ कमी असेल तर भेटवस्तूंची कपाटे सोडावीत, पण हे पडदे सोडू नयेत.

याच इमारतीत रूझवेल्ट यांची अभ्यासिका आहे. पदावर असतानाच स्वतःच्या नावाच्या ग्रंथालयात बसून काम करणारे ते एकमेव अध्यक्ष. युद्धाच्या काळात ते इथे येत, पाहुण्यांना भेटत आणि इथून काही रेडिओ भाषणेही त्यांनी केली. खोली दारातून पाहायची असते. चटकन पुढे जावेसे वाटते इतकी ती साधी आहे, तरीही थांबावे.

छायाचित्रे फ्लॅश न वापरता काढता येतात. खाण्यापिण्याच्या वस्तू दालनांत नेता येत नाहीत.

सेवाग्रामचे पत्र आणि संशोधन कक्ष

या इमारतीत सुमारे १ कोटी ७० लाख पाने आहेत, आणि पर्यटक पाहतो तो भाग त्याचा कणभर अंश आहे. भारतीय वाचकाला या साठ्यात रस वाटावा याचे एक ठोस कारण आहे. १ जुलै १९४२ रोजी गांधीजींनी वर्ध्याजवळच्या सेवाग्राम आश्रमातून रूझवेल्ट यांना पत्र लिहिले आणि ते अमेरिकी पत्रकार लुई फिशर यांच्याबरोबर पाठवले. आपल्याला दोनदा अमेरिकेला येण्याची संधी हुकली, थोरो आणि इमर्सन यांच्या लेखनाचे आपल्यावर ऋण आहे, अशी सुरुवात करून गांधीजी मुद्द्यावर येतात : जोवर ब्रिटन भारताचे आणि आफ्रिकेचे शोषण करतो आहे आणि अमेरिकेच्या स्वतःच्या घरात कृष्णवर्णीयांचा प्रश्न तसाच आहे, तोवर लोकशाहीसाठी लढत असल्याची दोस्तराष्ट्रांची घोषणा पोकळ ठरते. स्वतंत्र भारताशी करार करून दोस्तांच्या फौजा इथे राहिल्या तर आपली हरकत नाही, असेही ते सांगतात. रूझवेल्ट यांचे उत्तर १ ऑगस्टचे आहे. आठवडाभराने गोवालिया टँकवर ‘चले जाव’चा ठराव झाला आणि ९ ऑगस्टच्या पहाटे गांधीजींना अटक होऊन त्यांना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवण्यात आले.

त्याच वर्षी क्रिप्स शिष्टाई चालू असताना रूझवेल्ट यांनी कर्नल लुई जॉन्सन यांना आपले खास प्रतिनिधी म्हणून दिल्लीला पाठवले होते आणि भारताच्या प्रश्नावरून त्यांचे व चर्चिल यांचे खटकेही उडाले होते. या घडामोडींचा पत्रव्यवहार रूझवेल्ट यांच्या कागदपत्रांत आहे. आइन्स्टाइन यांची सही असलेले, युरेनियमपासून बाँब बनू शकतो असा इशारा देणारे २ ऑगस्ट १९३९ चे पत्रही याच संग्रहातले.

हे कागद पाहायचे असतील तर तिकीट लागत नाही, पण पूर्वतयारी लागते. प्राध्यापकांनाच प्रवेश असतो हा समज चुकीचा आहे. गंभीरपणे वाचू इच्छिणाऱ्या कुणालाही संशोधन कक्षात बसता येते. सर्वप्रथम घरी बसून ‘फ्रँकलिन’ या नावाच्या त्यांच्या ऑनलाइन संग्रहात शोध घ्यावा. पुष्कळ कागदांच्या प्रतिमा तिथे फुकट उपलब्ध आहेत आणि कित्येकदा प्रत्यक्ष जाण्याची गरजच उरत नाही. तिथे जे नाही, त्यासाठी संग्रहाच्या सूची वाचाव्यात. आपल्या ग्रंथालयांत विषयावरून शोधायची सवय असते, पण इथे कागद ज्या कार्यालयातून आला त्यानुसार लावलेला असतो. परराष्ट्रांशी संबंधित पुष्कळ पत्रव्यवहार अध्यक्षांच्या सचिवाच्या फाइलींत देशवार सापडतो, तर युद्धकाळातल्या गुप्त तारा ‘मॅप रूम’ या व्हाइट हाउसमधल्या युद्ध-माहिती कक्षाच्या कागदांत. पेटीचा आणि फोल्डरचा क्रमांक टिपून घेऊन अभिलेखपालांना ईमेल करावा, आपण काय शोधतो आहोत ते दोन-तीन वाक्यांत लिहावे आणि दिवस ठरवून घ्यावा. त्यांच्याकडून येणारी उत्तरे बहुधा आपल्या अपेक्षेपेक्षा सविस्तर असतात.

प्रत्यक्ष कक्षात छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवून नोंदणी होते. शाईचे पेन चालत नाही, पेन्सिल वापरायची. पिशव्या आणि कोट बाहेर ठेवायचे. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम बदलायचा नाही. हा शेवटचा नियम नवख्यांकडून नकळत मोडला जातो. एखादा कागद उलटा ठेवला गेला असे वाटले तरी स्वतः सरळ करू नये, कर्मचाऱ्याला सांगावे.

बाग आणि मधली भूक

घराच्या आणि ग्रंथालयाच्या मध्ये उंच कुंपणाच्या आत गुलाबाची बाग आहे. रूझवेल्ट या डच आडनावाचा संबंधही गुलाबाच्या मळ्याशीच लावला जातो. १२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्ज इथे त्यांचे निधन झाले आणि तीन दिवसांनी त्यांना या बागेत दफन केले. पांढऱ्या संगमरवराच्या साध्या ठोकळ्यावर दोघा पतिपत्नींची नावे आणि वर्षे एवढेच कोरलेले आहे. एलेनॉर यांची समाधी १९६२ पासून शेजारीच आहे, आणि सूर्यघटिकेजवळ फ्रँकलिन यांचा लाडका कुत्रा फाला. ही स्मशानभूमीच असल्याने इथे मोठ्याने बोलू नये आणि मुलांना हिरवळीवर पळापळ करू देऊ नये. आवारात बर्लिनच्या भिंतीच्या तुकड्यांतून घडवलेले एक शिल्प आहे. ते घडवणाऱ्या एडविना सँडिस या चर्चिल यांच्या नात.

जेवणाचे म्हणाल, तर घरून डबा आणणे उत्तम. आवाराच्या बाहेरच्या भागात बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली तर कुणी काही म्हणत नाही, फक्त कचरा उचलून न्यावा. हौस आणि खिशाची तयारी असेल तर रूट ९ वरच, काही मैल दक्षिणेला, अमेरिकेतली नामवंत पाककला संस्था आहे. तिथले विद्यार्थी चालवत असलेल्या उपाहारगृहांत आगाऊ जागा राखून जेवता येते. शाकाहारी मंडळींनी जागा राखतानाच तसे सांगावे.

दिवस उरला तर व्हाल-किल

एलेनॉर रूझवेल्ट यांचे ‘व्हाल-किल’ हे घर दोनेक मैलांवर आहे आणि त्याचे तिकीट व फेरी वेगळी असते. स्प्रिंगवुड पाहून आलेल्याला इथला फरक लगेच जाणवतो. फर्निचर बनवण्याच्या कारखान्याची ही इमारत एलेनॉर यांनी पुढे स्वतःचे घर केली, म्हणून खोल्या वेड्यावाकड्या जोडलेल्या आहेत, खुर्च्या एकमेकींशी जुळत नाहीत आणि भिंती माणसांच्या छायाचित्रांनी भरलेल्या आहेत. इथे येऊन गेलेल्या पाहुण्यांत पंडित नेहरूही होते. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचा मसुदा ज्या आयोगाने केला, त्याच्या अध्यक्ष एलेनॉर होत्या आणि त्याच आयोगात भारताच्या प्रतिनिधी म्हणून हंसा मेहता बसत. मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या त्या कुलगुरू होत्या. पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल अशी इंग्रजी शब्दयोजना होती. तिच्या जागी ‘सर्व मानव’ असे शब्द यावेत हा आग्रह हंसाबाईंचा. मार्गदर्शकाने त्यांचे नाव आपणहून घेतले नाही, तर फेरीच्या शेवटी आपण विचारावे.

व्हाल-किलच्या फेऱ्या स्प्रिंगवुडपेक्षा कमी असतात आणि हिवाळ्यात त्या आणखी घटतात, म्हणून त्यांचीही चौकशी सकाळी तिकीट घेतानाच करून ठेवावी. रेल्वेने परतणाऱ्यांनी पकिप्सीला गाडीच्या वेळेआधी तासभर पोहोचण्याचा प्रयत्न करावा. स्थानकापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर हडसनवरचा १८८९ चा जुना रेल्वेपूल आहे, जो २००९ पासून केवळ पादचारी आणि सायकलस्वारांसाठी खुला आहे आणि ज्यावर जायला पैसे पडत नाहीत. परतीच्या गाडीत नदी उजव्या हाताला असते.